संगणक सुरू होत नाही तेव्हा : ग्राफिक्स ड्रायव्हरच्या बिघाडाची मीमांसा

यंत्र चालेनासे झाले की ते मोडले, असा सर्वसाधारण समज असतो. सायकल, शिवणयंत्र किंवा पाण्याचा पंप यांच्या बाबतीत तो पुष्कळदा खराही ठरतो. कारण या यंत्रांत झिजणारे, तुटणारे व अडकणारे भाग असतात. संगणकाची गोष्ट काहीशी निराळी आहे. त्याचा एकही भाग तुटलेला नसताना, आतील सर्व विद्युत्-मंडले शाबूत असताना, तो सुरू होण्याचे नाकारू शकतो. काल सायंकाळपर्यंत ज्यावर काम चालले होते, तोच संगणक आज सकाळी काळा पडदा दाखवीत स्तब्ध राहतो. मधल्या काळात काय बदलले याची चौकशी केली असता कित्येकदा असे कळते की, त्यात ग्राफिक्स ड्रायव्हरची नवी आवृत्ती घातली गेली होती.

शाळा आणि सार्वजनिक ग्रंथालये यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. एखाद्या ग्रंथालयाची वर्षानुवर्षांची ग्रंथनोंद, सभासदांची यादी व देवघेवीचा हिशेब हे सर्व पुष्कळदा एकाच संगणकात साठविलेले असते. शाळेत विद्यार्थ्यांची गुणपत्रके व दाखल्यांच्या नोंदी असतात. संगणक सुरू होत नाही असे पाहून घाबरलेला मनुष्य ‘सर्व पुसून टाकू आणि नव्याने घालू’ असा निर्णय घेतो. संगणक सुरू होतो खरा; परंतु अनेकांच्या अनेक वर्षांच्या श्रमाचे फळ त्या एका तासात नाहीसे होते. वस्तुतः ग्राफिक्स ड्रायव्हरमुळे अडलेल्या संगणकातील नोंदी बहुधा सुखरूप असतात. अडलेली असते ती त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट. ती वाट शांतपणे, पायरीपायरीने व काहीही न गमावता कशी मोकळी करावी, हे समजून घेणे हा या पाठाचा उद्देश आहे.

१. संगणक जागा होण्याचा क्रम

कळ दाबल्यापासून कामाचा पडदा दिसेपर्यंत संगणकात एकामागून एक अनेक आज्ञावली आपापले काम करून पुढचीच्या हाती सूत्रे देतात. पालखीचे भोई जसे ठराविक टप्प्यावर खांदा बदलतात, तसाच हा प्रकार होय. एका भोयाने खांदा दिला नाही तर पालखी तेथेच थांबते. पण म्हणून आधीचे भोई दुबळे होते असे ठरत नाही.

पहिला खांदा फर्मवेअरचा. मुख्य फलकावरील एका चिपमध्ये कायम साठविलेली ही आज्ञावली असते. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हापासून तिला बायॉस म्हणण्याचा प्रघात पडला. आजच्या संगणकांत तिची जागा यूईएफआय या नव्या व्यवस्थेने घेतली आहे. फर्मवेअर प्रथम स्मृती, कळफलक, चकती व पडदा जागेवर आहेत की नाहीत, याची तपासणी करते. काही उणे आढळल्यास अनेक संगणक ठराविक संख्येच्या शिट्ट्यांनी किंवा लुकलुकणाऱ्या दिव्यांनी ते कळवितात. सर्व ठीक असल्यास पडद्यावर उत्पादकाचे बोधचिन्ह उमटते.

दुसरा खांदा बूट लोडरचा. चकतीवरील कार्यप्रणाली शोधून ती स्मृतीत आणणे, एवढेच त्याचे काम. कार्यप्रणाली म्हणजे विंडोज, लिनक्स यांसारखी ती मूळ आज्ञावली, जिला व्यवहारात ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. तिसरा खांदा या कार्यप्रणालीच्या गाभ्याचा. गाभा चालू झाला की तो चौथ्या टप्प्यात निरनिराळ्या उपकरणांचे ड्रायव्हर कामास लावतो, आणि अखेरीस पाचव्या टप्प्यात नाव व परवलीचा शब्द विचारणारा पडदा समोर येतो.

या साऱ्या क्रियेला ‘बूट होणे’ म्हणतात. बुटाच्या मागच्या पट्ट्याला धरून स्वतःच स्वतःला वर उचलावे, अशा अर्थाच्या एका इंग्रजी शब्दप्रयोगावरून हे नाव पडले. लहान आज्ञावलीने तिच्याहून मोठी आणावयाची आणि त्या मोठीने आणखी मोठी, या क्रमाला ते साजेसेच आहे.

येथे एक गोष्ट ध्यानी धरण्यासारखी आहे. ग्राफिक्स ड्रायव्हरची पाळी या क्रमात पुष्कळ उशिरा येते. त्याच्या आधीचे तीन खांदे त्याच्यावाचूनच पार पडलेले असतात. पुढील सर्व निदान या एका गोष्टीवर आधारलेले आहे.

२. ग्राफिक्स ड्रायव्हरचे कार्य

कार्यप्रणालीला ‘येथे एक चौकट काढा’, ‘येथे अक्षर उमटवा’ एवढेच सांगता येते. एनव्हिडिया, एएमडी, इंटेल इत्यादी कंपन्यांच्या ग्राफिक्स प्रोसेसरची रचना एकमेकींपासून भिन्न असते. एकाच कंपनीच्या निरनिराळ्या पिढ्यांतही भेद असतात. कार्यप्रणालीची मागणी त्या विशिष्ट प्रोसेसरला समजेल अशा आज्ञांत रूपांतरित करणारा दुभाषा म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर होय.

मग हा दुभाषा येण्यापूर्वी पडद्यावर बोधचिन्ह कसे दिसते? याचे उत्तर असे की, प्रत्येक ग्राफिक्स प्रोसेसर आपल्या खास भाषेखेरीज एक साधी, सर्वांना समजणारी बोलीही जाणतो. आयबीएमने १९८७ साली आणलेल्या व्हीजीए या मानकात ६४० आडव्या व ४८० उभ्या बिंदूंचे, १६ रंगांचे चित्र काढण्याची रीत ठरविली गेली, आणि पुढे कित्येक वर्षे ती या साध्या बोलीचे काम करीत राहिली. आजच्या संगणकांत फर्मवेअर स्वतःच पडद्याची साधी चौकट तयार करून कार्यप्रणालीच्या स्वाधीन करते. या साध्या मार्गाने चित्रपट सफाईने पाहता येणार नाही वा खेळ खेळता येणार नाही. पण अक्षरे वाचता येतात, फाइली उघडता येतात आणि दुरुस्ती करता येते. पडद्याची ही दुसरी, जुनी वाट सदैव खुली असते, म्हणूनच पुढे सांगितलेले उपाय शक्य होतात.

३. एका ड्रायव्हरची चूक साऱ्या यंत्राला का भोवते?

पत्रलेखनाची आज्ञावली बिघडली तर केवळ तीच बंद पडते. शेजारच्या आज्ञावलींना धक्का लागत नाही. ग्राफिक्स ड्रायव्हर बिघडला तर मात्र सारा संगणक थांबू शकतो. या भेदाचे कारण कार्यप्रणालीच्या रचनेत आहे. सामान्य आज्ञावली गाभ्याच्या बाहेर, कुंपणात राहून काम करतात. ड्रायव्हरला प्रत्यक्ष उपकरण हाताळावयाचे असल्यामुळे त्याला गाभ्याच्या आत प्रवेश द्यावा लागतो, आणि आत आलेल्याच्या चुकीला अडविणारे कुंपण तेथे नसते.

विंडोज एनटी या कार्यप्रणालीच्या आरंभीच्या आवृत्त्यांत पडद्यावरील रेखाटनाचा मोठा भाग गाभ्याबाहेर ठेवलेला होता. १९९६ सालच्या चौथ्या आवृत्तीत वेग वाढावा म्हणून तो आत घेण्यात आला. वेग वाढला, त्याबरोबर धोकाही वाढला. २००७ साली सर्वसामान्यांच्या हाती आलेल्या विंडोज व्हिस्टामध्ये ड्रायव्हरचे दोन तुकडे करण्यात आले : मोठा तुकडा बाहेर व लहान तुकडा आत. त्याचबरोबर एक पहारेकरीही नेमण्यात आला. ग्राफिक्स प्रोसेसरने सामान्यतः २ सेकंदांत प्रतिसाद न दिल्यास हा पहारेकरी त्याला थोपवून पुन्हा चालू करतो. काम चालू असताना पडदा क्षणभर काळा होऊन पूर्ववत होतो, तो बहुधा याचाच परिणाम. परंतु पुन्हा चालू करूनही प्रतिसाद मिळाला नाही, तर कार्यप्रणाली नोंदींचे आणखी नुकसान होऊ नये म्हणून स्वतःच थांबते. थांबण्याची ही क्रिया भयप्रद दिसली, तरी ती संरक्षक आहे.

नवी आवृत्ती बिघाडास कारण होण्याचे प्रकार मुख्यतः पाच आहेत. पहिला, ड्रायव्हर घातला जात असतानाच वीज गेली व काम अर्धवट राहिले. दुसरा, जुन्या आवृत्तीच्या काही फाइली मागे राहून नव्यांत मिसळल्या. तिसरा, त्या ग्राफिक्स कार्डासाठी नसलेलाच ड्रायव्हर घातला गेला. जुन्या कार्डांना नव्या आवृत्त्यांतून वगळले जाते, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानी येत नाही. चौथा, कार्यप्रणालीचा गाभा व ड्रायव्हर यांचा मेळ बसला नाही. पाचवा, नव्या आवृत्तीतच दोष राहून गेला.

४. पडदा काय सांगतो?

वैद्य औषध देण्यापूर्वी नाडी पाहतो. त्याप्रमाणे कोणतीही कळ दाबण्यापूर्वी संगणक एकदा चालू करून, पडद्यावर काय दिसते व ते कोठे थांबते, एवढेच लक्षपूर्वक पाहावे.

कळ दाबूनही दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही, असे असेल तर दोष विजेच्या पुरवठ्यात आहे. ड्रायव्हरची पाळी तेथवर आलेलीच नसते. पंखा फिरतो, पण बोधचिन्ह दिसत नाही किंवा शिट्ट्या ऐकू येतात. तर स्मृतीच्या पट्ट्या, ग्राफिक्स कार्ड, मॉनिटर अथवा त्याची तार यांकडे पाहावे. नवा ड्रायव्हर आदल्याच दिवशी घातला असला, तरी येथे त्याला दोषी धरणे चुकीचे ठरेल.

बोधचिन्ह स्पष्ट दिसले, तर त्यापासून महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. मॉनिटर, तार व ग्राफिक्स कार्ड ही तिन्ही निदान साध्या कामापुरती धडधाकट आहेत. त्यानंतर कार्यप्रणाली येत असल्याची खूण, उदाहरणार्थ विंडोजमधील फिरणारे ठिपके, दिसली आणि मग पडदा काळा झाला, तर संशयाचे बोट ग्राफिक्स ड्रायव्हरकडे वळते. कारण नेमक्या याच सुमारास साधी वाट सोडून तो पडद्याचा ताबा घेतो.

काळ्या पडद्यांतही भेद आहे. कळफलकावरील कॅप्स लॉक दाबताच त्याचा दिवा लागतो व विझतो, तर गाभा जिवंत असून केवळ चित्र हरपले आहे. कित्येकदा चित्र दुसऱ्याच जोडणीकडे वळलेले असते. कार्डावरील दुसऱ्या खाचेत तार लावताच ते दिसते. पडद्यावर थांबण्याचे कारण सांगणारी अक्षरे उमटली, तर ती जशीच्या तशी उतरून घ्यावीत. ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ हा मजकूर मागे सांगितलेल्या पहारेकऱ्याचाच अहवाल होय. विंडोजमध्ये हा पडदा दीर्घकाळ निळा असे. विंडोज ११ च्या २०२५ सालातील सुधारणेपासून तो काळा झाला आहे. म्हणून अक्षरे असलेला काळा पडदा आणि कोरा काळा पडदा यांची गल्लत करू नये.

५. उपाय करण्यापूर्वी

प्रथम कागद व लेखणी घ्यावी. कोणता बदल केव्हा झाला, पडद्यावर काय दिसले, कोणता उपाय केला व त्याचा परिणाम काय झाला, हे क्रमाने लिहावे. एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले आणि संगणक सुरू झाला, तर गुण कोणाचा हे कळत नाही. सुरू झाला नाही, तर दोष कोणाचा हेही कळत नाही.

दुसरे, मुद्रक, पेन ड्राइव्ह इत्यादी अनावश्यक जोडण्या काढाव्यात. मॉनिटरची तार दोन्ही टोकांस घट्ट आहे ना, हे पाहावे. ज्या संगणकात निराळे ग्राफिक्स कार्ड आहे, त्यात ती तार कार्डालाच जोडलेली असावी.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. आजच्या अनेक विंडोज संगणकांत चकतीवरील मजकूर बिटलॉकर नावाच्या व्यवस्थेने कुलूपबंद केलेला असतो. दुरुस्तीच्या पडद्याकडे वळताच ४८ अंकी किल्ली विचारली जाऊ शकते. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने संगणक प्रथम सिद्ध केला त्या खात्यात ती बहुधा साठविलेली असते, आणि दुसऱ्या संगणकावरून वा दूरध्वनीवरून पाहता येते. ती हाती नसताना चकती पुसण्याचा उपाय मुळीच करू नये. आणि ती कागदावर लिहून कपाटात ठेवण्याचे काम संगणक चालू असतानाच करून ठेवावे.

६. विंडोजमधील उपाय

उपायांचा क्रम सौम्याकडून तीव्राकडे असावा. सर्वांत सौम्य उपाय म्हणजे विंडोजची कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबणे. यामुळे ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा चालू होतो. कशाचीही हानी होत नाही.

त्याने पडदा उजळला नाही तर दुरुस्तीच्या पडद्याकडे जावे. विंडोज १० व ११ मध्ये सुरू होण्याचा यत्न लागोपाठ दोनदा फसला की कार्यप्रणाली पुढील वेळी आपण होऊन दुरुस्तीची व्यवस्था दाखविते. विंडोजची प्रत असलेला पेन ड्राइव्ह जवळ असल्यास त्यावरून संगणक सुरू करून ‘रिपेअर युअर कॉम्प्युटर’ हा पर्यायही घेता येतो; मात्र त्या वाटेने ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ मिळत नाही. जुन्या पुस्तकांत एफ-८ ही कळ दाबण्यास सांगितलेले आढळते. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून ती सोय मुळात बंद ठेवलेली असते.

दुरुस्तीच्या पडद्यावर ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ आणि ‘रीस्टार्ट’ या क्रमाने गेल्यावर एक क्रमांकित यादी येते. त्यातील ४ हा अंक दाबला की संगणक सेफ मोडमध्ये सुरू होतो. १९९५ साली विंडोज ९५ मध्ये आलेली ही सोय म्हणजे पूर्वी सांगितलेल्या साध्या वाटेचाच उपयोग होय. कंपनीचा ड्रायव्हर बाजूस ठेवून केवळ अत्यावश्यक भागांसह कार्यप्रणाली चालू होते. अक्षरे मोठी व चित्र ओबडधोबड दिसेल. त्यात चिंतेचे कारण नाही. नेहमीचा संगणक काळा पडतो आणि सेफ मोडमध्ये तोच नीट चालतो, या दोन निरीक्षणांतून ड्रायव्हरवरील आरोप जवळजवळ सिद्ध होतो.

सेफ मोडमध्ये आल्यावर पहिले काम दुरुस्तीचे नव्हे, तर महत्त्वाच्या नोंदींची प्रत बाहेरच्या चकतीवर उतरवून घेण्याचे. त्यानंतर इंटरनेटची तार काढावी; अन्यथा विंडोज तोच सदोष ड्रायव्हर पुन्हा आणून बसविण्याचा संभव असतो. मग डिव्हाइस मॅनेजर उघडून ‘डिस्प्ले ॲडॅप्टर्स’ खालील कार्डाच्या गुणधर्मांत ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण पाहावे. ते दाबले असता पूर्वीची आवृत्ती परत येते. मागची आवृत्ती जपून ठेवलेली नसेल तर हे बटण निष्क्रिय दिसते. अशा वेळी ड्रायव्हर त्याच्या फाइलींसह काढून टाकावा व संगणक नेहमीप्रमाणे सुरू करावा. विंडोजचा स्वतःचा साधा ड्रायव्हर तूर्त काम भागवितो, आणि पुढे उत्पादकाने त्या कार्डासाठी दिलेली, पूर्वी नीट चाललेली आवृत्ती घालता येते.

सेफ मोडही मिळत नसेल तर त्याच दुरुस्तीच्या पडद्यावरील ‘सिस्टिम रिस्टोअर’ वापरावे. ते कार्यप्रणालीची मांडणी व ड्रायव्हर एखाद्या मागील दिवसाच्या स्थितीला नेते. लिहिलेल्या कागदपत्रांना हात लावीत नाही. ही सोय आधीपासून चालू ठेवलेली असली तरच उपयोगी पडते. ‘रीसेट धिस पीसी’ हा पर्याय अगदी शेवटचा. त्यात ‘कीप माय फाइल्स’ असे आश्वासन असले, तरी घातलेल्या आज्ञावली काढल्या जातात. ग्रंथालयाच्या आज्ञावलीने स्वतःच्या कोठारात ठेवलेल्या नोंदी त्यातून वाचतीलच, असे मानू नये.

७. लिनक्समधील उपाय

लिनक्समध्ये बिघाडाचे कारण पुष्कळदा चौथ्या प्रकारचे असते. एनव्हिडियाचा स्वतंत्र ड्रायव्हर ज्या गाभ्यासाठी बांधला असेल त्याच गाभ्याबरोबर चालतो. गाभा नवा आला आणि त्याच्यासाठी ड्रायव्हरची बांधणी कोणत्याही कारणाने अपुरी राहिली, की पडदा काळा होतो.

सुदैवाने उबंटूसारख्या वितरणांत जुना गाभा लगेच पुसला जात नाही. संगणक सुरू होताना एस्केप, किंवा जुन्या बायॉसवर शिफ्ट, दाबली असता ग्रब नावाच्या बूट लोडरची यादी दिसते. ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ या ओळीखाली मागील गाभा निवडला, तर कित्येकदा संगणक काहीच न बिघडल्याप्रमाणे सुरू होतो.

तसे न झाल्यास यादीतील ओळीवर असताना ई ही कळ दाबावी. उघडणाऱ्या मजकुरात ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून ‘नोमोडसेट’ हा शब्द लहान रोमन अक्षरांत, एकसंध लिहावा व एफ-१० दाबावी. गाभ्याने पडद्याची मांडणी स्वतः बदलू नये, फर्मवेअरने दिलेलीच वापरावी, असा या शब्दाचा अर्थ. सेफ मोडमागचे तत्त्व येथेही तेच आहे. हा शब्द त्या एका वेळेपुरताच लागू होतो. त्यामुळे चूक झाली तरी पुढील वेळी सर्व पूर्ववत असते. संगणक सुरू झाल्यावर नोंदींची प्रत घ्यावी, सदोष ड्रायव्हरचे पॅकेज पॅकेज-व्यवस्थापकाच्या साहाय्याने काढावे आणि वितरणाने सुचविलेली आवृत्ती घालावी. चित्र मुळीच येत नसेल, तर कंट्रोल, ऑल्ट व एफ-३ दाबून अक्षरांचा साधा पडदा मिळतो का, हेही पाहावे.

८. ड्रायव्हर निर्दोष असेल तर?

एका घटनेनंतर दुसरी घडली म्हणजे पहिली दुसरीचे कारण असलीच पाहिजे, असे नाही. ड्रायव्हर घालण्याच्या आणि कार्ड निकामी होण्याच्या वेळा योगायोगाने एक येऊ शकतात. म्हणून निदानाची उलट तपासणी करावी. पेन ड्राइव्हवरून लिनक्सची प्रत चालविली असता चकतीवरील ड्रायव्हरचा संबंध उरत नाही. तरीही चित्रात रंगीत ठिपके व रेघा उमटत असतील, किंवा संगणक गोठत असेल, तर दोष यंत्रातच शोधावा. ज्या संगणकाच्या मुख्य प्रोसेसरमध्येच ग्राफिक्सची सोय आहे, त्यातील निराळे कार्ड जाणत्या माणसाकडून काढवून तार मुख्य फलकाला जोडली, तर उत्तर अधिक निश्चित होते.

९. घडलेल्या दोन घटना

२०२३ सालच्या मार्चमध्ये एएमडी कंपनीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरसंबंधी एक तक्रार पुढे आली. ड्रायव्हर घालताना जुने सर्व पुसून टाकणारा ‘फॅक्टरी रीसेट’ हा पर्याय निवडला, आणि नेमके त्याच वेळी विंडोजचे स्वतःचे अद्ययावतीकरणही चालू असले, तर क्वचित प्रसंगी विंडोज सुरू होईनासे होई. कंपनीने हा दोष अत्यंत विरळ पण खरा असल्याचे मान्य केले. दोन्ही कामे स्वतंत्रपणे निर्दोष होती. ती एकाच वेळी झाल्यामुळे घात झाला. एका वेळी एकच बदल करावा, या नियमाचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

दुसरी घटना ग्राफिक्सची नव्हे, पण त्याच जातीची आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या संरक्षक आज्ञावलीसाठी एक सदोष फाइल जगभर पाठविली. ही आज्ञावली ड्रायव्हरच्या रूपाने गाभ्याच्या आत काम करीत असल्यामुळे संगणक सुरू होताच थांबत व पुन्हा सुरू होत. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक अडले. विमानसेवा, रुग्णालये व बँका यांची कामे खोळंबली; भारतातील काही विमानतळांवर हाताने लिहिलेले प्रवेशपत्र देण्याची वेळ आली. कंपनीने ती फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली. तथापि जे संगणक सुरूच होत नव्हते, त्यांच्यापर्यंत ही दुरुस्ती पोहोचेना. अशा संगणकांपैकी पुष्कळांवर अखेर माणसाला स्वतः जाऊन, सेफ मोडमध्ये शिरून, ती एक फाइल पुसावी लागली. आणि बिटलॉकरची किल्ली जेथे हाताशी नव्हती, तेथे हे साधे कामही लांबले. त्यांपैकी कोणत्याही चकतीवरील नोंदी त्या फाइलीने पुसल्या नव्हत्या. वाटच तेवढी बंद झाली होती.

१०. पुढील खबरदारी

ज्या संगणकावर संस्थेच्या नोंदी आहेत, त्याला नवी आवृत्ती निघाल्या दिवशी घालण्याचे प्रयोजन नसते. ग्राफिक्स ड्रायव्हरच्या नव्या आवृत्त्यांत पुष्कळदा नव्या खेळांसाठी केलेल्या सुधारणा असतात. ग्रंथनोंदीच्या कामाला त्यांची गरज नाही. सुरक्षिततेसाठी आवश्यक असलेली आवृत्ती मात्र टाळू नये. ती प्रथम एका संगणकावर घालून, काही दिवस पाहून मग इतरांवर घालावी. वीज जाण्याचा संभव असल्यास संगणक यूपीएसवर असावा, आणि लॅपटॉपची बॅटरी भरलेली असावी. त्यापूर्वी परत फिरण्याचा बिंदू तयार करावा, मागील आवृत्ती जपून ठेवावी, व नोंदींची एक प्रत त्या संगणकाबाहेर ठेवावी. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, तिच्यावर विसंबू नये.

सारांश, अडलेल्या संगणकापुढे बसणाऱ्याने तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. शेवटचा नीट पार पडलेला टप्पा कोणता? त्यानंतर कोणाची पाळी होती? आणि काहीही न पुसता तो एक बदल मागे कसा घेता येईल? या प्रश्नांची उत्तरे शोधण्यास महागडी साधने लागत नाहीत. लागते ते लक्षपूर्वक पाहणे, एका वेळी एकच गोष्ट बदलणे आणि केलेले लिहून ठेवणे. प्रयोगशाळेत विज्ञानाचा विद्यार्थी ज्या शिस्तीने काम करतो, तीच ही शिस्त होय.

अभ्यासासाठी प्रश्न

१. ग्राफिक्स ड्रायव्हर कामास लागण्यापूर्वी उत्पादकाचे बोधचिन्ह पडद्यावर कसे दिसू शकते?

२. संगणकात पंखा फिरतो, शिट्ट्या ऐकू येतात, पण पडदा कोरा आहे. आदल्या दिवशी ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला होता. दोष ड्रायव्हरचा आहे असे म्हणता येईल काय? सकारण लिहा.

३. सेफ मोड व ‘नोमोडसेट’ यांमागील समान तत्त्व कोणते?

४. सेफ मोडमध्ये शिरल्यावर दुरुस्तीपूर्वी नोंदींची प्रत का घ्यावी? इंटरनेटची तार का काढावी?

५. आपल्या शाळेतील किंवा ग्रंथालयातील एका संगणकाची पाहणी करा. त्यावरील नोंदींची दुसरी प्रत कोठे आहे, ती शेवटी केव्हा घेतली गेली, आणि कुलूपबंद चकतीची किल्ली कोणाजवळ आहे, हे विचारून नोंदवहीत लिहा.